मुलांचं डोकं दुखतं तेव्हा : अर्धशिशी म्हणण्याआधी नाक पाहा



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की लागण, खोडवा, खताचे हप्ते, हुमणी असा विषय आपल्याला अपेक्षित असतो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. आमचं शिक्षण शेतीच्या पदविकेचं. आम्ही डॉक्टर नव्हे. पण ऊसनोंदीच्या निमित्तानं आम्ही वर्षभर मळ्यावर, फडावर आणि टोळ्यांच्या कोप्यांवर फिरतो. तिथं एक तक्रार वारंवार कानावर येते. "पोरगं सकाळी उठलं की डोकं धरून बसतंय." पुढं बहुधा दोनच निकाल लागलेले असतात. एक, "अर्धशिशी आहे, आमच्या घराण्यातच आहे." दुसरा, "काही नाही, शाळा चुकवायचं सोंग."

माळशेज घाट उतरला की मुरबाड लागतं आणि त्याला लागूनच शहापूर तालुका. आपल्या भाजीच्या गाड्या त्याच वाटेनं कल्याणला जातात. काही सभासदांचे सोयरे तिकडचे आहेत, काही मळ्यांवर तिकडची मजूर कुटुंबं कामाला येतात. या दोन्ही तालुक्यांतल्या मुलांच्या बाबतीतही हीच तक्रार आम्ही ऐकली. म्हणून जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतलं ते आपल्या भाषेत मांडतो आहोत.

पान पिवळं एक, कारणं अनेक

उसाचं पान पिवळं पडलं की काही मंडळी लगेच युरियाचं पोतं सोडतात. पण पिवळेपणात फरक असतो. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. त्याला आपण केवडा म्हणतो. सरीत पाणी तुंबलं तरी ऊस पिवळा दिसतो. केवड्याला युरिया टाकून उपयोग नाही आणि तुंबलेल्या पाण्याला हिराकस मारून उपयोग नाही.

डोकेदुखीचंही तसंच आहे. डोकं दुखणं हे लक्षण आहे. त्यामागं साधी सर्दी असेल, नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांमधला जंतुसंसर्ग म्हणजे सायनसचा आजार असेल, अर्धशिशी असेल, चष्म्याचा नंबर असेल, रिकामं पोट असेल, अपुरी झोप असेल किंवा किडलेली दाढ असेल. औषध प्रत्येकाचं वेगळं. म्हणून आधी कारण शोधायचं.

सायनस म्हणजे काय?

आपल्या चेहऱ्याची हाडं भरीव नसतात. नाकाच्या आजूबाजूला हवेनं भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालाच्या हाडात एक, दोन डोळ्यांच्या मधे नाकाच्या मुळाशी एक, कपाळात भुवईच्या वर एक आणि नाकाच्या खूप मागं खोलवर एक. इंग्लंडमधले वैद्य नॅथॅनियल हायमोर यांनी १६५१ मध्ये गालातल्या पोकळीचं सविस्तर वर्णन छापलं, आणि पुढं कितीतरी काळ ती त्यांच्याच नावानं ओळखली जात होती.

या पोकळ्यांना आतून ओलसर, पातळ अस्तर असतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. अस्तरातून पाझरणारा चिकट स्राव ही लव पुढं ढकलत नेते आणि अरुंद तोंडातून नाकात सोडते. गालातल्या पोकळीचं तोंड तर तळाला नसून वरच्या बाजूला असतं. हौदाची तोटी काठाशी बसवावी तसा प्रकार! म्हणजे तिथला निचरा उताराच्या भरवशावर होत नाही, त्या लवेच्या मेहनतीवर होतो.

सर्दी झाली की नाकातलं अस्तर सुजतं, अरुंद तोंड बंद होतं, धुरानं किंवा संसर्गानं लव मंदावते आणि स्राव आत तुंबतो. चर बुजला की शेतात पाणी साचतं आणि मुळं कुजायला लागतात, हे आपल्याला सांगायला नको. तुंबलेल्या स्रावात जंतू वाढतात, आत दाब येतो आणि गाल, भुवई, डोळ्यांच्या मधला भाग जड होऊन दुखतो.

मुलांचं डोकं म्हणजे मोठ्यांचं लहान डोकं नव्हे

गालातल्या आणि डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या जन्मतःच लहान स्वरूपात असतात. कपाळातल्या पोकळ्या मात्र सात-आठ वर्षांच्या सुमारास आकार घेऊ लागतात आणि ऐन तारुण्यापर्यंत वाढत राहतात. म्हणून चार-पाच वर्षांचं मूल कपाळाला हात लावून दुखतं म्हणालं, तर ते "कपाळातलं सायनस" असण्याचा संभव फार थोडा.

दुसरी गोष्ट, लहान मुलांच्या सायनसच्या आजारात डोकेदुखी हे पहिलं लक्षण नसतंच पुष्कळदा. नाक वाहणं किंवा चोंदणं आणि खोकला हीच मुख्य लक्षणं. खोकला दिवसाही असतो, रात्री आडवं झालं की जास्त, कारण कफ मागच्या बाजूनं घशात उतरतो. तोंडाला वास येतो. मूल चिडचिडं होतं, जेवत नाही. डोकं दुखतं म्हणून सांगण्याची अक्कल येईपर्यंत आजार जुना झालेला असतो. आणि मग आपण फक्त डोकेदुखी धरून बसतो, नाकाकडे बघतच नाही; पोराचं नाक वाहायचंच, असं म्हणतो.

अर्धशिशी कशी असते?

अर्धशिशी या शब्दातच अर्धं डोकं आहे. मोठ्यांत ती बहुधा एका बाजूला ठणकते. मुलांत मात्र ती पुष्कळदा दोन्ही बाजूंना, कपाळभर असते. इथंच पहिली गफलत होते. मुलांमधली अर्धशिशी मोठ्यांपेक्षा कमी वेळ टिकते. दोन-तीन तासांत उतरूही शकते. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणं, अंधारात पडून राहावंसं वाटणं आणि झोप लागली की बरं वाटणं, ही तिची ओळख. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत मूल ठणठणीत असतं. आईला, मावशीला, आजीला असाच त्रास असल्याचं पुष्कळदा कळतं. उपाशी राहणं, जागरण, कडक ऊन, पाणी कमी पिणं ही तिला उठवणारी निमित्तं.

जुन्या जाणत्यांनी हेरलेला फरक

हा फरक आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत डोक्याच्या अकरा रोगांची गणना आहे. त्यात अर्धं डोकं फुटल्यागत दुखणारा "अर्धावभेदक" वेगळा सांगितला आहे आणि सूर्याबरोबर चढणारा, सूर्य कलला की उतरणारा "सूर्यावर्त" वेगळा सांगितला आहे. खेड्यातली म्हातारी माणसं "दिवस चढला की डोकं चढतं" असं म्हणतात ते हेच.

आजच्या वैद्यकातही कपाळातल्या पोकळीच्या दुखण्याचं असंच वर्णन मिळतं. रात्रभर आडवं राहिल्यानं आत स्राव साठतो, सकाळी उठल्यावर दुखणं वाढत जातं आणि उभ्यानं वावरल्यावर निचरा होऊन दुपारनंतर ते उतरतं. मात्र एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये. "खाली वाकलं की दुखतं म्हणजे सायनसच" असंही पुष्कळ जण सांगतात. तेही पक्कं नाही, कारण हालचालीनं अर्धशिशीसुद्धा वाढते.

घरी बघायच्या खुणा

सायनसच्या संसर्गाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा :

१. सर्दी-खोकला दहा दिवस उलटले तरी जराही कमी नाही.
२. सर्दी बरी होत आली होती, आणि सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा ताप, खोकला, घट्ट शेंबूड उलटला.
३. सलग तीन दिवस १०२ अंशांच्या वर ताप आणि त्याबरोबर नाकातून पुवासारखा घट्ट स्राव.
४. तोंडाला दुर्गंधी, रात्रीची ढास, गाल किंवा वरच्या दाढा दुखणं.

अर्धशिशीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा :

१. दुखणं झटक्यानं येतं, काही तासांनी जातं. मधे मूल निरोगी.
२. उलटी किंवा मळमळ, उजेड-आवाजाचा त्रास.
३. झोपल्यावर आराम.
४. ताप नाही, घट्ट शेंबूड नाही, रात्रीचा खोकला नाही.
५. घरात आणखी कुणाला तसाच त्रास.

शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जंतूंचं औषध लागणारच, हा समज चुकीचा आहे. साध्या सर्दीतही चार-सहा दिवसांनी रंग बदलतो. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते. त्यातल्या थोड्याच सर्दींचं रूपांतर सायनसच्या जंतुसंसर्गात होतं.

चूक दोन्ही बाजूंनी होते

आमच्या माहितीतली दोन मुलं सांगतो. ओळख राहू नये म्हणून नाव-गाव देत नाही.

एक मुलगा दहा वर्षांचा, मुरबाड तालुक्यातला, आईबाप मजुरीसाठी वर आलेले. वर्षभर डोकेदुखी. कुणीतरी अर्धशिशी सांगितली आणि दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या सुरू झाल्या. शाळेत "सोंगाड्या" असं नाव पडलं. आईला नीट विचारलं तेव्हा कळलं की पोरगं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नाकानं श्वासच घेत नव्हतं. तोंड उघडं टाकून घोरायचं, रात्री खोकायचं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलं. नाकामागची गाठ वाढलेली आणि सायनसचा जुनाट संसर्ग निघाला. उपचार पुरे झाल्यावर डोकेदुखी गेली. गेलेलं शाळेचं वर्ष मात्र परत आलं नाही.

दुसरी मुलगी अकरा वर्षांची, शहापूरकडची, आपल्या एका सभासदाची भाची. तिचं उलट झालं. "सायनस आहे" म्हणून तिला एका वर्षात चार वेळा जंतुनाशक औषधांचे डोस झाले, एक्स-रे झाले. खरं तर तिला दर पंधरवड्याला उलटी व्हायची, ती खोलीत अंधार करून झोपायची आणि उठली की खेळायला जायची. आईलाही तोच त्रास. ती अर्धशिशी होती. वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि डॉक्टरांनी ठरवलेलं औषध एवढ्यावर तिचे झटके कमी झाले.

ही दुसरी चूक जगभर फार होते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत स्वतःला "सायनसची डोकेदुखी" आहे असं समजणारी २,९९१ मोठी माणसं तपासली; त्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या प्रकारात बसली. याचं कारण असं की अर्धशिशीच्या झटक्यातही नाक चोंदतं, पाणी वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून नाकाकडे पाहा असं आम्ही म्हणतो, त्याचा अर्थ दर डोकेदुखीला सायनस म्हणा असा नाही. एक्स-रेवरही भिस्त ठेवू नये. साध्या सर्दीतसुद्धा त्यात पोकळ्या धूसर दिसतात.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर नाकात चिंचोका, शेंगदाणा, मणी असं काही अडकलेलं असू शकतं. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नये. ते आणखी आत जातं. डॉक्टरकडे न्यावं.

धूर, ओल आणि ऊन

शहापूर-मुरबाडचा भाग भाताचा. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण अंथरून राब भाजतात, त्याचा धूर वाडी-पाड्यावर पसरतो. वीटभट्ट्यांवर कुटुंबं मुलांसह महिनोन्महिने राहतात. पावसाळ्यात भिंती ओलसर होऊन बुरशी धरतात, आणि त्याच बंद घरात चूल पेटते. धूर आणि बुरशी दोन्ही नाकाच्या अस्तराला सूज आणतात.

त्याच शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. मुंबईची तहान तिथून भागते आणि तालुक्यातल्याच कितीतरी पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन उन्हात जाणारं, पोटात अन्न नसलेलं, पाणी कमी प्यालेलं मूल डोकं दुखतं म्हणालं तर नवल नाही. तिथं आधी भाकरी आणि पाणी द्यावं, गोळी नंतर.

आता आपल्याकडे पाहू. तोडणीनंतर पाचट पेटवून देण्याची खोड अजून गेलेली नाही. तो धूर बांधावर थांबत नाही. आपल्याच वस्तीवर आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांवर जातो. पाचट कुजवा हे आम्ही जमिनीच्या कसासाठी सांगत आलो आहोत. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरावेत. पोरांच्या नाकासाठीही पाचट न जाळणंच चांगलं. घरात शक्य तिथं गॅस वापरावा, चूल असेल तर धुराडं ठेवावं, आणि मुलांच्या खोलीत विडी-सिगारेट ओढू नये.

काय करावं, काय करू नये

- साध्या सर्दीला विश्रांती, कोमट पाणी, पातळ पेज-आमटी पुरते. दहा दिवसांची खूणगाठ ध्यानात ठेवावी.
- नाक मिठाच्या पाण्यानं धुण्याचा उपयोग होतो. एक पेला पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ घालावं. पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं, ओढ्याचं, तळ्याचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नये; त्यातले काही जीव नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतात. मूल मोठं, समजतं असेल तरच नाक धुवावं.
- तापासाठी-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबानं, डॉक्टरांना विचारून द्यावं. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवस चालू राहिल्या तर त्या गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागतं.
- जंतुनाशक औषध दुकानदाराला विचारून घेऊ नये. डॉक्टरांनी दिलंच तर बरं वाटलं म्हणून मधेच थांबवू नये.
- नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत; नंतर नाक उलट जास्त चोंदतं. लहान मुलांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोतच.
- उकळत्या पातेल्यावर मुलाला वाफ देऊ नये. भाजण्याचे प्रकार होतात. तान्ह्याच्या नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात जातं.

लगेच दवाखाना गाठायच्या खुणा

सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे उतरू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर तास मोजावे लागतात. पुढच्यापैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये :

- डोळ्याची पापणी सुजून लाल होणं, डोळा पुढं आल्यासारखा दिसणं, डोळा फिरवताना दुखणं, दोन-दोन दिसणं;
- कपाळावर मऊ सूज येणं;
- मान ताठणं, झटके, गुंगी, असंबद्ध बोलणं;
- दुखण्यानं झोपेतून जाग येणं, किंवा रोज सकाळी उलटी होऊन डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाणं; तोल जाणं.

यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. खालच्या भागातल्या सोयऱ्यांना सांगा की मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. शाळा, आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि डोकेदुखीची गोष्ट गुरुजींना आधी सांगून ठेवा. मजुरीच्या मुलाला नेण्यासाठी मालकानं एक दिवसाची रजा आणि गाडीभाडं द्यावं, अशी आमची सभासदांना विनंती आहे.

एक वही ठेवा

पाण्याच्या पाळ्या, खताचे हप्ते आपण वहीत लिहितो. तशीच चार आठवडे मुलाच्या डोकेदुखीची वही ठेवावी. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वेळ राहिलं, कुठं दुखलं, उलटी झाली का, ताप होता का, नाक कसं होतं, रात्री खोकला होता का, आदल्या रात्री झोप किती, सकाळी काय खाल्लं, कोणती गोळी दिली. एवढं लिहिलेली वही डॉक्टरांसमोर ठेवली तर निम्मं निदान तिथंच होतं. आई-बापांना लिहिता येत नसेल तर शाळेतल्या थोरल्या भावंडानं लिहावं.

आणि एक शेवटचं. मूल दुखतं म्हणालं तर आधी त्याचं खरं माना. सोंग करणारं पोर खेळायला बोलावलं की पळतं. खरोखर दुखणारं खेळ सोडून कोपऱ्यात बसतं. एवढी पारख आईबापाला सहज करता येते. ज्यांच्या घरी असा त्रास आहे त्यांनी वही आजपासूनच सुरू करावी आणि दहा दिवसांची खूणगाठ विसरू नये. टोळ्यांचे मुकादम आणि गट कार्यालयातली मंडळी यांनीही हा मजकूर कोप्यांवर वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास विभाग